कातरणांतले केल्ट: हरवलेल्या ग्रीक-रोमन इतिहासांचे तुकडे कसे वाचायचे

पोसिडोनियसचा इतिहास ५२ भागांचा होता. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने आपली हकिकत इ.स.पू. १४६ ला आणून थांबवली, तिथून पुढे याने सुरुवात केली. मूळचा सिरियातल्या अपामियाचा, पुढे ऱ्होड्स बेटावर स्थायिक झालेला इ.स.पू. पहिल्या शतकातला हा ग्रीक तत्त्वज्ञ गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, दक्षिण भागात स्वतः फिरला होता आणि तिथल्या केल्ट (रोमनांच्या भाषेत गॉल) लोकांच्या चालीरीती त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या ५२ भागांपैकी आज एकही उरलेला नाही. तरी ‘पोसिडोनियस सांगतो, केल्ट लोक सिंहासारखे मांसावर तुटून पडतात’ हे वाक्य केल्टांवरच्या पुस्तकांत हमखास भेटतं. ग्रंथच नाही, मग वाक्य आलं कुठून?

आपल्याला हा प्रकार नवा नाही. शाळेच्या पुस्तकापासून ‘मेगॅस्थेनीस म्हणतो’ हे शब्द आपल्या कानावर आहेत, पण मेगॅस्थेनीसची ‘इंडिका’ही हरवलेलीच आहे. स्ट्रेबो, डायोडोरस, एरियन या नंतरच्या ग्रीक लेखकांनी तिच्यातून जे उचललं, ते श्वानबेक नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८४६ मध्ये एकत्र केलं आणि मॅक्क्रिंडलने १८७७ मध्ये इंग्रजीत आणलं. पाटलिपुत्राचं वर्णन आपल्यापर्यंत पोचवणारे स्ट्रेबो आणि डायोडोरस हेच केल्टांच्या बाबतीतही आपले मुख्य आधार आहेत. त्यामुळे इथे शिकलेली पद्धत मौर्यांकडे वळतानाही जशीच्या तशी उपयोगी पडते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. ‘तुकडा’ म्हटलं की उत्खननात सापडलेलं खापर डोळ्यांसमोर येतं: भांडं फुटलं, एक भाग उरला. ग्रंथांचे तुकडे असे क्वचितच असतात. ते कुणीतरी, कधीतरी, आपल्या कामासाठी मुद्दाम कापून घेतलेले असतात. ती कातरणं आहेत. म्हणून कातरण वाचण्याआधी कात्री कुणाची होती हे बघायचं. पुढे जे काही सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

प्रश्न लहान घ्या

‘रोमन आणि केल्ट’ हा विषय घेऊन बसलात तर सहा महिन्यांत वह्या भरतील आणि हाती काही लागणार नाही. एक छोटा प्रश्न निवडा. केल्टांची मेजवानी. शत्रूची मुंडकी जपण्याची चाल. तोलोसाचं सोनं. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आरंभी गॉल लोकांनी रोम लुटलं ती घटना. प्रश्न असा हवा की त्याच्याशी संबंधित सगळे प्राचीन उतारे एका मोठ्या टेबलावर मांडता येतील. मी स्वतः मेजवानीपासून सुरुवात केली आणि नवख्या माणसाला तीच सुचवते, कारण तिच्यावर तीन वेगवेगळ्या हातांनी काढलेली कातरणं आहेत आणि ती एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात.

क्रमांकांची भाषा शिकून घ्या

हरवलेल्या ग्रीक इतिहासकारांचे तुकडे फेलिक्स याकोबी या जर्मन विद्वानाने १९२३ पासून खंडाखंडांनी प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक लेखकाला एक क्रमांक आहे. पोसिडोनियस ८७, मेगॅस्थेनीस ७१५. लेखकाच्या क्रमांकापुढे ‘टी’ असेल तर त्या लेखकाविषयी इतरांनी दिलेली माहिती, ‘एफ’ असेल तर त्याच्या ग्रंथातला मानलेला मजकूर. म्हणजे ‘८७ एफ १५’ दिसलं की पोसिडोनियसचा पंधरावा तुकडा. लॅटिन इतिहासकारांसाठी आज वापरायचा संग्रह म्हणजे कॉर्नेल यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये ऑक्सफर्डने काढलेले तीन खंड.

संग्रह बदलला की क्रमांक बदलतो, हे ध्यानात ठेवा. मेजवानीचा तोच उतारा एडेलस्टाइन आणि किड यांच्या पोसिडोनियस-संग्रहात ६७ वा आहे. म्हणून नुसता तुकड्याचा क्रमांक कधीच टिपू नका. सोबत तो तुकडा ज्या ग्रंथात टिकला त्याचा पत्ताही लिहा: अथेनेयस, भाग ४, १५१ ई. या पत्त्यातले पानाचे आकडे कासोबोनच्या १५९७ च्या आवृत्तीवरून चालत आले आहेत आणि सगळ्या नव्या आवृत्त्यांच्या समासात छापलेले असतात. संग्रह बदलतील, हा पत्ता बदलणार नाही.

ग्रीक-लॅटिन येत नसेल तर थांबायचं का? मुळीच नाही. लोएब मालेतल्या पुस्तकांत डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी असतं. हिरव्या बांधणीची ग्रीक, तांबडी लॅटिन. यातले कितीतरी जुने खंड इंटरनेटवर मोफत मिळतात. पर्सियस आणि लाकुसकुर्तियस ही दोन संकेतस्थळं त्यासाठी उत्तम. मात्र ग्रीक लिपी आठवडाभर बसून शिकून घ्याच. ‘फेसी’ म्हणजे ‘तो म्हणतो’, ‘पालाइऑन’ म्हणजे ‘प्राचीन काळी’, असे पाच-पन्नास शब्द डाव्या पानावर ओळखता आले तरी भाषांतराने कुठे हात मारला हे कळायला लागतं.

वाहक ग्रंथ उघडा, मागची-पुढची पानं वाचा

ज्या ग्रंथाच्या पोटात तुकडा टिकला त्याला मी वाहक म्हणते. तुकड्यांचा संग्रह हाती आला की थेट तुकडे वाचायचा मोह होतो, कारण ते तिथे स्वच्छ, सुटे, क्रमांक लावून ठेवलेले असतात. तो मोह आवरा. संग्रहाचा उपयोग पत्त्यापुरता करा. पत्ता मिळाला की मूळ वाहक उघडा आणि उताऱ्याच्या आधीची तीन आणि नंतरची तीन पानं वाचा.

मेजवानीच्या तुकड्याचा वाहक अथेनेयस. इजिप्तमधल्या नॉक्राटिसचा हा लेखक इ.स. २०० च्या सुमारास होऊन गेला. त्याच्या १५ भागांच्या ग्रंथात विद्वान मंडळी जेवायला बसली आहेत आणि जेवणाविषयीच बोलत आहेत. चौथ्या भागात वेगवेगळ्या लोकांच्या पंगतींचा विषय निघतो: इराणी कसे जेवतात, थ्रेशियन कसे जेवतात, आणि मग केल्ट. तिथे पोसिडोनियसच्या तेविसाव्या भागातला उतारा येतो.

तो उतारा जवळून पाहू. केल्ट लोक गवत पसरून बसतात, जमिनीपासून थोड्याच उंच असलेल्या लाकडी टेबलांवर जेवतात. पाव थोडा, मांस पुष्कळ. पाण्यात शिजवलेलं, निखाऱ्यांवर किंवा सळईवर भाजलेलं. खातात स्वच्छपणे, पण सिंहासारखे: अख्खी तंगडी दोन्ही हातांनी उचलायची आणि दातांनी लचका तोडायचा, निघाला नाहीच तर लहानशा सुरीने कापायचा. नदीकाठचे आणि समुद्रकाठचे लोक मासे खातात, मीठ, व्हिनेगर आणि जिरं लावून भाजलेले. ऑलिव्हचं तेल वापरत नाहीत. ते दुर्मीळ आहे आणि सवय नसल्याने त्यांना आवडत नाही. श्रीमंतांकडे इटलीहून किंवा मासालियाहून (आजचं मार्से) आलेली द्राक्षांची दारू, बहुधा पाणी न घालता. गरिबांकडे गव्हाची, मध घातलेली बिअर. तिला ते ‘कोर्मा’ म्हणतात. एकाच पेल्यातून सगळे पितात, घोट लहान, पण पुन्हापुन्हा.

माशाला जिरं लावण्यापर्यंत बारीक नजर असलेला हा माणूस आहे. आणि तरी त्याच्या तेविसाव्या भागातून अथेनेयसने काय उचललं? खाणं, पिणं, पंगतीतली मारामारी, पंगतीत स्तुती गाणारे भाट. शेती, कायदा, लग्नाच्या चाली, भाषा यांविषयी पोसिडोनियसने पानंच्या पानं लिहिली असतील. जेवणाच्या ग्रंथाला त्यांचा काय उपयोग? ‘केल्ट समाज मेजवानीभोवती फिरत होता’ असं विधान जेव्हा जेव्हा वाचाल, तेव्हा मेजवानीभोवती केल्ट फिरत होते की अथेनेयस, हा प्रश्न समासात लिहून ठेवा.

प्रत्येक वाहकाची कात्री वेगळी. स्ट्रेबो भूगोलकार, ऑगस्टस आणि टायबेरियसच्या राजवटीत लिहिणारा, रोमच्या सत्तेने जग कसं शहाणं केलं हे त्याला दाखवायचं आहे. डायोडोरस साऱ्या जगाचा इतिहास एका ग्रंथात बसवणारा, म्हणून तो आटवतो, गुळगुळीत करतो आणि पुष्कळदा आधाराचं नाव देत नाही. चरित्रकार प्लूटार्कला माणसाचा स्वभाव हवा. टिपणं काढणाऱ्या रोमन गेलियसला जुनी, खणखणीत लॅटिन हवी. आणि दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट कॉन्स्टंटाइन पॉर्फिरोजेनिटस याने जुन्या इतिहासांतून विषयवार वेचे काढवले, त्यांपैकी दूतांच्या भेटींवरचे वेचे बरेचसे टिकले. म्हणूनच रोमचा इतिहास ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या ॲपियनच्या गॉलविषयक भागाची आज मुख्यतः एक संक्षेप आणि काही वेचे एवढीच शिल्लक आहे आणि त्यात दूत सारखे येत-जात राहतात. रोमन आणि गॉल सतत वाटाघाटी करत होते असा ग्रह यावरून करून घेऊ नका. दूतांवरची वही वाचली, बाकीच्या बहुतेक गेल्या.

उतारा कुठे सुरू होतो, कुठे संपतो

प्राचीन हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नसतात. छापील संग्रहात तुकड्याच्या दोन्ही टोकांना दिसणारी रेघ संपादकाने ओढलेली असते. ती कुठे ओढली यावर अर्थ बदलतो.

स्ट्रेबोच्या चौथ्या भागातला मुंडक्यांचा उतारा घ्या. लढाईवरून परतताना गॉल लोक शत्रूंची मुंडकी घोड्यांच्या मानेला अडकवतात आणि घरी नेऊन दारावर खिळ्यांनी ठोकतात, असं सांगून स्ट्रेबो म्हणतो: पोसिडोनियसने स्वतः हे अनेक ठिकाणी पाहिल्याचं सांगितलं आहे, आधी त्याला किळस आली, पण नंतर सवय झाली आणि तो ते शांतपणे पाहू लागला. पुढे नामांकितांची मुंडकी देवदाराच्या तेलात जपून पाहुण्यांना दाखवण्याची गोष्ट येते. वजनाइतकं सोनं दिलं तरी ती देत नसत. आणि लगेच वाक्य येतं की रोमनांनी हे सारं बंद केलं.

हे शेवटचं वाक्य कुणाचं? पोसिडोनियस गॉलमध्ये फिरला तेव्हा ही मुंडकी उघड लटकत होती. ती बंद झाल्याचं समाधान स्ट्रेबोच्या काळाचं आणि स्ट्रेबोच्या भूमिकेचं आहे. म्हणून माझी रेघ मी त्या वाक्याच्या आधी ओढते. किळस आणि मग सवय, हा भाग मात्र नि:संशय पोसिडोनियसचा, कारण तिथे त्याचं नावही आहे आणि अनुभवही त्याचाच आहे. एवढ्या एका वाक्यात हरवलेला लेखक आपल्यासमोर माणूस म्हणून उभा राहतो. असं वाक्य सापडलं की त्याच्यावर वेळ घालवा. ते शंभर माहितीच्या ओळींपेक्षा मोलाचं आहे.

तीन रकाने आखा

आता वही घ्या, आडवी धरा आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात ज्या मजकुरापाशी हरवलेल्या लेखकाचं नाव स्पष्ट दिलेलं आहे तो. दुसऱ्यात नाव नाही पण नावासह आलेल्या मजकुराशी जवळजवळ शब्दशः जुळतो तो. तिसऱ्यात नाव नाही, जुळणीही नाही, फक्त ‘वाटतं’ असा.

हे रकाने करायला सांगते कारण याच एका बाबतीत मोठमोठ्या विद्वानांची वाट दुभंगली आहे. १९६० मध्ये टिअर्नी यांनी अथेनेयस, डायोडोरस, स्ट्रेबो आणि सीझर या चौघांमधल्या केल्टवर्णनांमागे पोसिडोनियसच आहे असं मांडून त्याचं एक सलग केल्टवर्णन उभं केलं. १९७६ मध्ये डॅफ्नी नॅश यांनी त्या बांधकामाचे खांब तपासले आणि बरेच पोकळ निघाले. सीझरला तर गॉलचा स्वतःचा दीर्घ अनुभव होता. एडेलस्टाइन-किड यांनी फक्त नाव असलेले तुकडे घेतले. टाइलर यांच्या १९८२ च्या संग्रहात नाव नसलेलेही भरपूर आहेत. नवख्याने किड यांच्याकडून सुरुवात करावी आणि टाइलर नंतर उघडावा, असं माझं ठाम मत आहे. आधी मोठा संग्रह वाचला की अंदाज आणि पुरावा यांतली रेघ डोळ्यांना दिसेनाशी होते.

मेजवानीचे रकाने भरून बघा. अथेनेयस: गवत पसरून बसतात. स्ट्रेबो: बरेच जण पेंढ्यावर बसून जेवतात. डायोडोरस: जमिनीवर लांडग्यांची किंवा कुत्र्यांची कातडी अंथरून बसतात. दारूचं पाहा: अथेनेयसकडे गव्हाचा कोर्मा, डायोडोरसकडे जवापासून केलेलं ‘झिथोस’. तिघांपुढे एकच पुस्तक होतं असं धरलं तरी कातडी आणि जव कुठून आले? डायोडोरसने दुसराही कुणी वाचला होता, की पोसिडोनियसनेच दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्या होत्या? हे तपशील दुसऱ्या रकान्यातून उचलून तिसऱ्यात टाका आणि तिथेच राहू द्या.

याच कामात एक चूक मी स्वतः बरीच वर्षं वागवली. पंगतीतली सर्वात मानाची तंगडी सर्वात शूर माणसाला मिळते आणि दुसऱ्याने तिच्यावर हक्क सांगितला तर दोघं मरेपर्यंत लढतात, ही गोष्ट मी पोसिडोनियसने पाहिलेली चाल म्हणून सांगत असे. मग एकदा डाव्या पानावर ‘पालाइऑन’ शब्द दिसला. ‘प्राचीन काळी’ असं घडे, असं पोसिडोनियस म्हणतो. म्हणजे त्याला यजमानांनी सांगितलेल्या, वाडवडिलांच्या गोष्टी होत्या त्या. डायोडोरस हीच मानाच्या मांसाची गोष्ट सांगताना होमरच्या काव्यातल्या एजॅक्सची आठवण काढतो. एक क्रियाविशेषण गळलं आणि दंतकथेची चालू रीत झाली. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यातली काळ दाखवणारी पदं मी लाल शाईने गोल करते.

मूळ आणि नक्कल शेजारी ठेवा: टॉर्क्वाटसची झुंज

मूळही उरलं आहे आणि पुढच्या लेखकाने केलेला त्याचा अवतारही, अशी जागा मिळाली तर ती सोडू नका. रोमन-केल्ट विषयात अशी एक जागा आहे आणि तिच्याइतकं शिकवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

क्लॉडियस क्वाड्रिगॅरियस हा इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन इतिहासकार. त्याचा ग्रंथ गेला. पण इ.स. च्या दुसऱ्या शतकात गेलियसने आपल्या टिपणवहीत (भाग ९, प्रकरण १३) त्याचं एक अख्खं पान उतरवून घेतलं. का? त्या जुन्या, बिननखऱ्याच्या भाषेवर त्याचं प्रेम होतं म्हणून. भाषेसाठी काढलेलं कातरण शब्दन् शब्द राखतं, त्यामुळे अशा वाहकावर भरवसा ठेवता येतो.

प्रसंग असा. रोमजवळच्या आनियो नदीच्या पुलावर एक गॉल पुढे येतो. अंगावर ढाल आणि दोन तलवारी, गळ्यात पिळाचा कंठा, दंडात कडी; बाकी उघडा. मोठ्याने आव्हान देतो. त्याचा आकार आणि चेहरा पाहून कुणी पुढे येत नाही. तेव्हा तो हसतो आणि जीभ काढून दाखवतो. तरुण टायटस मॅनलियसला ते सहन होत नाही. पायदळाची ढाल आणि स्पेनची तलवार घेऊन तो जातो, ढालीवर ढाल आदळून गॉलचा तोल घालवतो, त्याच्या तलवारीच्या आत शिरून त्याला पाडतो. मग, क्वाड्रिगॅरियस लिहितो, त्याने त्याचं मुंडकं छाटलं, कंठा काढून घेतला आणि रक्ताने माखलेला तसाच स्वतःच्या गळ्यात घातला. या कंठ्यावरून, म्हणजे ‘टॉर्क्विस’वरून, त्याला आणि त्याच्या वंशजांना टॉर्क्वाटस हे नाव पडलं.

आता ऑगस्टसच्या काळातला रोमन इतिहासकार लिव्ही, त्याचा सातवा भाग उघडा. झुंज तीच, पूल तोच. पण गॉलच्या अंगावर आता रंगीबेरंगी कपडे आहेत आणि सोन्याची नक्षी केलेली शस्त्रं झळकताहेत. मॅनलियस आधी सेनाधिकाऱ्याची परवानगी मागतो, शिस्त आली. जीभ काढण्यापाशी लिव्ही जरा अडखळतो आणि जुन्या लोकांना हेही नोंदवण्याजोगं वाटलं, असं म्हणून ते वाक्य ठेवतो. आणि शेवट? मॅनलियसने पडलेल्या देहाची इतर कोणतीही विटंबना न करता फक्त कंठा तेवढा काढून घेतला.

मुंडकं छाटण्याचं वाक्य नाहीसं झालं. लिव्हीने क्वाड्रिगॅरियस वाचलेला होता यात शंका नाही. सहाव्या भागाच्या अखेरीस तो त्याचं नाव घेऊन म्हणतो की क्लॉडियस ही झुंज आधीच्या एका वर्षात घालतो, मला ते पटत नाही. म्हणजे वाक्य समोर होतं आणि ते गाळलं. आता मागच्या स्ट्रेबोच्या उताऱ्याकडे वळा: मुंडकी कापणं हे रानटी गॉलांचं लक्षण, रोमनांनी ते थांबवलं. जुन्या रोमन लेखकाला आपल्या नायकाच्या हातून मुंडकं छाटलं जाण्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ते वावगं वाटायला लागलं ऑगस्टसच्या काळात, आणि मग ती खूण एका बाजूने पुसून दुसऱ्या बाजूला गडद केली गेली. गेलियसला जुन्या लॅटिनचा छंद नसता तर ही खाडाखोड कधीच कळली नसती.

मला वाटतं, प्रत्येकाने हे दोन उतारे स्वतःच्या हाताने समोरासमोर लिहून काढावेत. छापील प्रत पुरेशी नाही. हाताने लिहिताना कुठे वाक्य वाढलं आणि कुठे गेलं ते बोटांना कळतं.

याच पानावर पाठभेदाचाही एक धडा आहे. झुंजीला उभा राहिलेला गॉल ‘कांताबुंदुस’ म्हणजे गात उभा होता, की ‘कुंक्ताबुंदुस’ म्हणजे थबकून वाट पाहत? दोन्ही वाचनं छापलेली आढळतात. दोनतीन अक्षरांचा फरक, पण एका वाचनात रणगीत गाणारा केल्ट आहे आणि दुसऱ्यात नाही. लिव्ही रोमन योद्ध्याबद्दल सांगताना त्याच्याकडे गाणं नव्हतं असं मुद्दाम म्हणतो, म्हणून मला पहिलं वाचन जवळचं वाटतं. केल्टांच्या रणगीतांवर लेख लिहिण्याआधी पानाच्या तळाशी दिलेले पाठभेद बघायची सवय यासाठीच लावायची.

आकडे आणि वर्षं

आकडा आला की तीन गोष्टी विचारा: कुणाचा, कोणत्या मापात, आणि का मोठा. तोलोसा, म्हणजे आजचं तुलूझ, इथला खजिना रोमन सेनापती कैपियोने इ.स.पू. १०६ मध्ये लुटला. स्ट्रेबोने दिलेला पोसिडोनियसचा आकडा सुमारे १५,००० टॅलंट. जस्टिन या नंतरच्या लेखकाने एका जुन्या इतिहासाचा जो संक्षेप केला त्यात १,१०,००० पौंड चांदी आणि १५ लाख पौंड सोनं. टॅलंट हे वजनही आहे आणि रकमेचं मापही, त्यामुळे दोन्ही आकडे किलोंत आणून तुलना करायला धावू नका. मापापेक्षा पोसिडोनियसचा युक्तिवाद बघा. हे सोनं केल्टांनी ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातून लुटून आणलं, अशी कथा होती. तो म्हणतो: डेल्फीचं देऊळ शेजारच्या फोकियन लोकांनी आधीच धुऊन नेलं होतं, तिथे एवढं सोनं उरलं कुठे? शिवाय तोलोसाचा प्रदेशच सोन्याचा आहे, लोक देवभोळे आणि साधे राहणारे आहेत, आणि खजिना त्यांनी देवस्थानांत आणि तळ्यांत ठेवला होता. दंतकथेला प्रश्न विचारणारा हा लेखक पाहून मला फार आनंद झाला होता.

वर्षांचंही तसंच. रोम लुटल्याचं वर्ष रूढ रोमन कालगणनेत इ.स.पू. ३९०, पॉलिबियस ग्रीक घटनांशी जी सांगड घालतो तिच्यावरून ते ३८७-३८६ येतं. दोन्ही वहीत लिहा, कोणती गणना ते सोबत लिहा. या घटनेचा सर्वात जुना पडसाद प्लूटार्कने लिहिलेल्या रोमन सेनापती कॅमिलसच्या चरित्रात (प्रकरण २२) अडकून राहिलाय. हेराक्लिडीस या जवळजवळ समकालीन लेखकाने लिहिलं होतं की उत्तरेपलीकडच्या लोकांच्या सैन्याने रोम नावाचं एक ग्रीक शहर घेतलं. ॲरिस्टॉटलला शहर केल्टांनी घेतल्याचं नीट माहीत होतं, पण वाचवणाऱ्याचं नाव तो ल्युशियस देतो. कॅमिलसचं नाव तर मार्कस, असं प्लूटार्क लगेच नोंदवतो. कॅमिलसने ऐन वेळी येऊन रोम सोडवलं ही कथा पुढे कशी वाढत गेली, याचा धागा त्या एका चुकीच्या वाटणाऱ्या नावात आहे.

जमिनीला विचारा, पण बेताने

मुंडक्यांच्या उताऱ्यांना पुरातत्त्वाने भक्कम आधार दिला आहे. दक्षिण फ्रान्समधल्या रोकपेर्तूझ इथे कवट्या ठेवायच्या खोबणी असलेले दगडी खांब आहेत. ल काइलार इथे शस्त्रांसोबत सापडलेल्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या कवट्यांच्या तुकड्यांवर रासायनिक तपासणीत सूचिपर्णी झाडांच्या राळेचे अंश मिळाले. देवदाराच्या तेलाची गोष्ट कानगोष्ट नव्हती. तरीही ल काइलारच्या कवट्या पोसिडोनियसच्या प्रवासाच्या शंभरएक वर्षं तरी आधीच्या आहेत, हे टिपायला विसरू नका. चाल खरी असल्याचं जमीन सांगते. मुंडक्यांची हीच गोष्ट सांगणाऱ्या डायोडोरसने ती पोसिडोनियसकडूनच घेतली की नाही, हे जमीन सांगत नाही. तुकडा कोणत्या रकान्यात आहे ते खोदकामाने बदलत नाही.

लिहिताना

वाक्यातच साखळी दिसू द्या. ‘केल्ट गवतावर बसून जेवत’ असं लिहू नका. ‘अथेनेयसने पोसिडोनियसच्या तेविसाव्या भागातून दिलेल्या उताऱ्यानुसार गॉलमधले केल्ट गवतावर बसून जेवत’ असं लिहा. वाक्य जड होतं, होऊ द्या. लोकांची नावंही मुळात आहेत तशीच ठेवा: केल्टोई, गलाटाई, गाली. डायोडोरस मासालियाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना केल्ट आणि त्यांच्या उत्तरेकडच्यांना गलाटाई म्हणतो. सीझर म्हणतो की हे लोक स्वतःला केल्ट म्हणवतात आणि आम्ही त्यांना गाली म्हणतो. सगळ्यांना ‘केल्ट’ करून टाकलं की हा मतभेद तुमच्या वाचकापर्यंत पोचतच नाही.

पहिल्या महिन्याचा अभ्यास

दोन तुकडे देते. पहिला अथेनेयसचा, भाग ४, १५२ डी पासून, पोसिडोनियसचं नाव घेऊन. लुएर्नियस नावाचा राजा लोकांची मर्जी मिळवण्यासाठी रथातून सोनं-चांदी उधळत जातो, बारा स्टेडियांच्या (स्टेडिया हे अंतराचं ग्रीक माप) चौकोनी आवारात दारूची टाकी भरून ठेवतो. एक कवी मेजवानीला उशिरा पोचतो, रथाच्या बाजूने धावत राजाची स्तुती आणि आपल्या उशिराचं दुःख गातो. राजा खूश होऊन सोन्याची थैली फेकतो. कवी ती उचलून पुन्हा गातो: तुझ्या रथाच्या चाकोऱ्यांतून माणसांना सोनं आणि उपकार उगवतात. या लुएर्नियसचा मुलगा बिटुइटस, ज्याला रोमनांनी हरवलं.

दुसरा ॲपियनच्या गॉलविषयक भागातला बारावा वेचा. रोमन सेनापती डोमिशियस सैन्य घेऊन निघाला असताना बिटुइटसचा दूत त्याला भेटायला येतो. भरजरी पोशाख, बरोबर तसेच सेवक, राखणीला कुत्रे, आणि एक गायक, जो आधी राजाची, मग त्याच्या जमातीची, मग दूताच्या कुळाची, शौर्याची आणि संपत्तीची स्तुती गातो. दूत काहीही न मिळवता परत जातो.

दोन्हीकडे बिटुइटस, दोन्हीकडे भाट. पण स्ट्रेबो या घराण्याला आर्व्हर्नी जमातीचं म्हणतो आणि ॲपियनचा बिटुइटस अलोब्रोगेस जमातीचा राजा आहे. एक तुकडा जेवणाच्या ग्रंथाने जपला, दुसरा दूतांच्या वेच्यांनी. रकाने आखा, मागची-पुढची पानं वाचा, आणि ॲपियनच्या त्या एका शब्दापाशी थांबा: चूक ॲपियनची, त्याच्या आधाराची, की वेचा काढताना आधीच्या वाक्यातली जमात राजाला चिकटवणाऱ्या लेखनिकाची? आधीचं वाक्य मुद्दाम बघा. त्यात सालियी या दुसऱ्या जमातीचे सरदार पळून अलोब्रोगेसकडेच आश्रयाला गेलेले आहेत.